ट्रकचे प्रशिक्षण : शुल्क स्वतःचे की करार कंपनीचा?

प्रतिनिधी, मुंबई

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबांनी टॅक्सी, टेम्पो आणि ट्रकचा आधार घेतला. वरळीच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या नव्या सदनिकांत जाण्यास ऑगस्ट २०२५ मध्ये प्रारंभ झाला. मात्र तेथील तरुणांपुढील रोजगाराचा प्रश्न कायम आहे. अवजड वाहन शिकू इच्छिणाऱ्याला आधी ठरवावे लागते ते हे, की प्रशिक्षणाचा खर्च स्वतः करावा की कंपनीच्या पैशाने शिकून तिच्याशी करारबद्ध व्हावे?

दोन्ही मार्गांना कायद्याच्या अटी समान आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनासाठी वय किमान २० वर्षे हवे आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली. परवान्यासाठी मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागते. २०२१ च्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या केंद्रांत अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असून, तो उत्तीर्ण होणाऱ्यास आरटीओच्या वाहन चाचणीतून सूट मिळते.

स्वखर्चाने शिकणारा कोणाचाही बांधील नसतो. जेथे पगार चांगला तेथे तो जाऊ शकतो. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे. मालक अनुभव विचारतात आणि अनुभव गाडीवर बसल्याखेरीज मिळत नाही. म्हणूनच अनेकांना आधी क्लीनर म्हणून काही काळ काढावा लागतो. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र त्याआधीच सुरू होतात.

कंपनीच्या मार्गात शुल्काची चिंता नसते, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. त्याची किंमत म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड. असा बाँड सरसकट बेकायदा नाही. एका बँकेच्या प्रकरणात मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या सेवेची व नोकरी सोडल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरविली. तथापि भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातील रक्कम ही कमाल मर्यादा असते; त्या मर्यादेत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते.

कंपनीचे वेळापत्रकही नेहमी पाळले जातेच असे नाही. एसटी महामंडळाने २०१९ मध्ये महिलांना निवडून स्वतः प्रशिक्षण देण्याची योजना आणली. करोनाकाळात ती रखडली आणि त्यांच्या हाती बसचे स्टिअरिंग प्रत्यक्षात २०२३ मध्ये आले.

सही करण्यापूर्वी काही बाबी लेखी मागाव्यात. सेवेचा काळ पुढे सरकेल तशी बाँडची रक्कम कमी होते का? प्रशिक्षणानंतर कंपनीने नोकरीच दिली नाही तर काय? मुक्कामाचा भत्ता किती? पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक आस्थापनांना १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानुसार नोव्हेंबर २०२५ पर्यंत दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. तशी मर्यादा करारात दिसते का? परवाना आरटीओ उमेदवाराच्या नावे देते. तो किंवा शाळेचा दाखला मुळातून ताब्यात ठेवू पाहणाऱ्या कंपनीपासून दूर राहणेच हिताचे.

याशिवाय दोन पर्याय आहेत. अनुसूचित जातींतील तरुणांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या प्रशिक्षण योजनेत वाहनचालनाचाही समावेश राहिला आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहनही चालविता येते. धोकादायक मालाला ही सवलत नाही.

त्यामुळे हाती पैसा नाही आणि बाँडही नको, अशा तरुणाने आधी छोट्या टेम्पोवर कमवावे, रस्ता ओळखावा आणि त्याच कमाईतून अवजड वाहनाचे शुल्क भरावे. त्यात वर्ष-दोन वर्षे अधिक जातील. परंतु परवाना हाती येईल तेव्हा सोबत अनुभव असेल आणि डोक्यावर कर्ज नसेल.