पोटाचं नवं वेळापत्रक

कविसंमेलनाला गेलो की पूर्वी मी आधी किती माणसं जमली आहेत ते पाहायचो. आता आधी संडास कुठे आहे ते विचारतो. मलाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पोटाला लावलेली पिशवीही काही महिन्यांनी निघाली. घरच्यांना वाटलं, सुटलो! खरी परीक्षा तिथून सुरू झाली. दिवसातून १०-१२ वेळा जावं लागे, तेही थोडं थोडं. कळ आली की २ मिनिटंही थांबता येत नसे.

असं का होतं? मलाशय म्हणजे मळ साठवायची कोठी. गाठीबरोबर ही कोठी पूर्ण किंवा बरीचशी काढावी लागते आणि वरचं आतडं खाली जोडतात. त्याला साठवण्याची सवय नसते. रेडिएशन झालं असेल तर त्रास वाढतो. डॉक्टर याला 'लार्स' म्हणतात. पहिल्या १-२ वर्षांत पुष्कळांचा त्रास कमी होतो, काहींचा उरतो.

तोवर ठरलेल्या वेळी थोडं थोडं खावं. मला मऊ भात, केळं मानवतं; तिखट रस्सा आणि चहा मी कमी केला. प्रत्येकाचं पोट निराळं, म्हणून काय खाल्लं आणि काय त्रास झाला ते वहीत लिहावं. इसबगोलानं शौचाला बांधून होतं. ते, लोपेरामाइडची गोळी आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम मात्र डॉक्टरांना विचारूनच. पाण्यानं धुऊन, अलगद टिपून मलम लावलं की कातडी सोलवटत नाही. पोट फुगून वारा सरणं बंद झालं, उलट्या लागल्या किंवा रक्त दिसलं, तर घरगुती उपाय करत बसू नये; लगेच दवाखाना गाठावा.

माझी मोठी चूक म्हणजे मी गप्प राहिलो. तपासणीला गेलो की "ठीक आहे" एवढंच सांगायचो. लाज सोडून बोललो, तेव्हा औषध मिळालं. वजू टिकत नाही म्हणून ६ महिने मशिदीत गेलो नव्हतो. इमामसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "जे तुमच्या हातात नाही, त्याला सवलत आहे. प्रत्येक नमाजाच्या वेळी नव्यानं वजू करा, पुरे."

आपल्या घरात असं कोणी असेल, तर "पुन्हा निघालात?" असं विचारू नका. बाहेर जाताना त्यांच्या पिशवीत एक जादा पायजमा ठेवा.

यंदा मी ईदगाहवर गेलो. शेवटच्या रांगेत, अगदी टोकाला उभा राहिलो, पण गेलो.