जुन्या मोटारीतील नवे इंजिन : डॅटसन २४० झेडचे उदाहरण

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी अधिक सामर्थ्याचे दुसरे इंजिन बसविण्याचा प्रघात अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून आहे. या विषयावरील लेखनात मानाचे पान बहुधा अश्वशक्तीच्या आकड्याला मिळते. वस्तुतः इंजिन जागेवर बसणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होय. नव्या इंजिनाने निर्माण केलेला टॉर्क, म्हणजे दंडाला पीळ देणारे परिबल, त्याची उष्णता आणि त्याची इंधनाची भूक ही जुन्या गाडीच्या कोणकोणत्या भागांवर जाऊन पडतात, हा अभ्यासाचा खरा विषय आहे. जपानच्या निसान कंपनीची डॅटसन २४० झेड ही गाडी आणि त्याच कंपनीचे आरबी २६ डीईटीटी हे टर्बोयुक्त षट्‌सिलिंडर इंजिन यांची जोडी या दृष्टीने फार बोधप्रद ठरते. (काटेकोर ब्रिटिश परिभाषेत १९३० नंतरच्या गाडीला ‘विंटेज’ म्हणत नाहीत, पण लोकव्यवहारात तो शब्द आता बराच सैल झाला आहे.)

२४० झेड १९६९ साली बाजारात आली. तिच्या एल २४ इंजिनात एका रेषेत मांडलेले सहा सिलिंडर, माथ्यावर एकच कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला दोन झडपा आणि दोन कार्ब्युरेटर अशी रचना होती. आरबी २६ हे १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आर या गाडीसाठी घडविलेले इंजिन. तेही सहा सिलिंडरांचे, एकरेषीय आणि बिडाच्या ब्लॉकचे. मात्र त्याला दोन कॅमशाफ्ट, चोवीस झडपा आणि दोन टर्बो आहेत. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव अगदी एकच, ७३.७ मिलिमीटर. व्यास तेवढा ८३ वरून ८६ मिलिमीटर झालेला आहे. त्यामुळे घनफळ २,३९३ वरून २,५६८ घन सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांनी वाढते. या चमत्कारिक आकड्यालाही कारण आहे. ‘ग्रुप ए’ शर्यतींच्या नियमांत टर्बोयुक्त इंजिनाचे घनफळ १.७ ने गुणून वर्ग ठरविला जाई. २,५६८ ला १.७ ने गुणल्यास सुमारे ४,३६६ येतात आणि गाडी ४,५०० च्या मर्यादेत राहते.

सामर्थ्याची तुलना मात्र जपून केली पाहिजे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या २४० झेडची १५१ अश्वशक्ती ही ‘ग्रॉस’ पद्धतीने, म्हणजे सायलेन्सरसारखी साधने न जोडता मोजलेली होती. आरबी २६ ची २८० अश्वशक्ती ‘नेट’ पद्धतीची आहे. शिवाय जपानी कारखानदारांनी २८० च्या वर आकडा जाहीर करावयाचा नाही, असा आपसांतील संकेत २००४ पर्यंत पाळला होता. हे दोन आकडे शेजारी मांडून भागाकार करणारा दोनदा फसतो. टॉर्कची तुलना त्या मानाने अधिक उपयोगी आहे : एल २४ चा सुमारे १९८ न्यूटन-मीटर, तर आरंभीच्या आरबी २६ चा ३५३ न्यूटन-मीटर.

घनफळ सात टक्क्यांनी आणि टॉर्क जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी वाढतो, याचे मुख्य कारण सिलिंडरमध्ये कोंबलेल्या हवेचे वस्तुमान हे आहे. मूळ बांधणीत टर्बोचा दाब वातावरणाच्या वर सुमारे ०.७ बार असतो. दाबाचे गुणोत्तर १.७ आणि दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ३० अंश सेल्सिअसची हवा बाहेर पडताना सुमारे १०० अंशांची होते. इंटरकूलरने ती ५० अंशांवर आणली तर घनता सुमारे १५ टक्क्यांनी वाढते आणि इंजिन ठोकण्याचा धोकाही कमी होतो. म्हणून इंटरकूलर हा शोभेचा भाग नव्हे. तो रेडिएटरच्या पुढे बसवावा लागतो आणि रेडिएटरकडे जाणारी हवा तापवितो. तेव्हा १९६९ च्या रेडिएटरवर विसंबून चालत नाही.

दोन्ही इंजिने एकरेषीय असल्यामुळे २४० झेडच्या लांब बॉनेटखाली आरबी २६ लांबीला मावते. अडचण खाली आहे. स्कायलाइन जीटी-आर चारही चाकांनी चालणारी गाडी असल्याने तिचे पुढचे डिफरन्शियल इंजिनाच्या तेलपात्रालाच जोडलेले असते आणि चाकाकडे जाणारा एक दंड त्या पात्रातून आरपार जातो. झेडमध्ये हे पात्र निरुपयोगी. त्याऐवजी आरबी कुळातील मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांचे तेलपात्र, त्याला जुळणारी तेल ओढणारी नळी आणि आरबी २५ ची गिअरपेटी घेतात. दुसरी अडचण बाजूची. एल २४ मध्ये धुराडे आणि कार्ब्युरेटर दोन्ही डाव्या अंगाला आहेत. आरबी २६ चे धुराडे व टर्बो उजव्या अंगाला येतात. उजव्या सुकाणूच्या गाडीत तापून लाल होणारे टर्बो थेट सुकाणूच्या दंडाशेजारी आणि ब्रेकच्या मुख्य सिलिंडरजवळ येतात. डाव्या सुकाणूच्या अमेरिकी गाडीत ही पंचाईत नाही. एकाच रूपांतराचा धोका देशपरत्वे असा बदलतो.

यानंतर टॉर्कचा मार्ग. आरबी २५ च्या गिअरपेटीत पहिल्या तीन गिअरांची गुणोत्तरे ३.२१४, १.९२५ आणि १.३०२ आहेत. मागील डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.७ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, घर्षणातील हानी सोडून दिली, तर जमिनीशी मिळणारे प्रणोदक बल पहिल्या गिअरमध्ये सुमारे १४,०००, दुसऱ्यात ८,४०० आणि तिसऱ्यात ५,७०० न्यूटन येते. आता टायर किती बल पेलू शकतो ते पाहावे. रूपांतरित गाडीचे वस्तुमान १,१५० किलोग्रॅम, त्यातील निम्मा भार मागच्या चाकांवर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, दोन आसांमधील अंतर २.३०५ मीटर आणि घर्षणांक ०.९ मानला, तर वेग घेताना मागे सरकणारा भार जमेस धरूनही ही मर्यादा सुमारे ६,३०० न्यूटन भरते. म्हणजे पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण टॉर्क रस्त्यावर उतरूच शकत नाही. मूळ गाडीतही पहिल्या गिअरमध्ये सुमारे ७,९०० न्यूटन निघत असत, पण ती मर्यादेच्या थोडीच बाहेर होती. स्कायलाइनमध्ये मागची चाके घसरू लागताच टॉर्कचा काही अंश पुढच्या चाकांकडे वळविण्याची सोय आहे. झेडमध्ये ती सोय गाडीबरोबरच मागे राहिलेली असते.

या गणिताचा अनपेक्षित निष्कर्ष असा की, घसरणारा टायर हा मागच्या यंत्रणेचा फ्यूज आहे. इंजिनाने कितीही जोर केला, तरी टायर घसरला की मागच्या अर्धदंडांवर त्याहून अधिक पीळ बसत नाही. पुष्कळ कारागीर घसरणे थांबविण्यासाठी रुंद व चिकट टायर घालतात. त्यामुळे घर्षणांक १.१ झाला असे धरल्यास मर्यादा सुमारे ८,१५० न्यूटनवर जाते, म्हणजे इंजिनाला हातही न लावता दर अर्धदंडावरील कमाल टॉर्क सुमारे ९५० वरून १,२२० न्यूटन-मीटर होतो. वाढ जवळजवळ तीस टक्क्यांची. फ्यूज जाड केला की तार जळते, तसेच येथे हूकचे सांधे आणि डिफरन्शियल यांचे होते. २४० झेडमध्ये आर १८० हे डिफरन्शियल होते (अंक मोठ्या दंतचक्राचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितो). याच शरीराच्या पुढील २८० झेड गाडीत आर २०० आले, आणि रूपांतरात तेच वापरणे शहाणपणाचे. टायर, अर्धदंड आणि डिफरन्शियल यांचा निर्णय एकत्रच घ्यावयाचा असतो. टायर आज आणि दंड पुढच्या वर्षी, अशी विभागणी म्हणजे मोडतोडीला आमंत्रण.

इंधनाच्या बाबतीत चूक अधिक महाग पडते. कार्ब्युरेटरला ०.३ बारच्या आसपासचा दाब पुरतो. इंजेक्शनला सुमारे ३ बार लागतो. म्हणून पंप, नळ्या, जोड आणि टाकीकडे परतणारी वाहिनी सर्व नवे लागते. जुन्या टाकीत वळणावर पेट्रोल एका कडेला जाते व पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरमधील साठा अशी क्षणभराची उणीव भरून काढी. टर्बोच्या दाबाखाली मात्र तेवढ्या क्षणात मिश्रण विरळ होऊन दट्ट्याचा माथा वितळू शकतो. मध्ये एक लहान साठवण-टाकी बसविली की हा दोष जातो.

ब्रेकविषयी थोडेच सांगणे पुरे. ताशी १०० किलोमीटरऐवजी १६० वरून थांबताना अडीचपट गतिज ऊर्जा शोषावी लागते, आणि मूळ गाडीच्या पुढे भरीव चकत्या व मागे ड्रम होते. गाडीचे शरीर पातळ पत्र्याचे, स्वतंत्र सांगाडा नसलेले आहे. बॅटरीखालचा पत्रा आणि तळच्या पन्हाळी गंजण्याची त्याला खोड आहे. गंजलेल्या पन्हाळीवर नवे इंजिन टांगणे हा निव्वळ अविचार होय.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ साली स्वीकारलेली ट्यूरिन सनद वाहनाच्या मूळ द्रव्याला महत्त्व देते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे, ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या, भरीव फेरबदल न केलेल्या वाहनालाच ‘विंटेज’ नोंदणी मिळते. इंजिन बदललेली गाडी या व्याख्येत बसणे कठीण आहे. म्हणून जे बदल उलटविता येतात आणि जे येत नाहीत, त्यांत भेद करणे अगत्याचे ठरते. नट-बोल्टांनी बसविलेला आधार काढता येतो. कापलेला पुढचा भाग पुन्हा मूळचा होत नाही.

या कसोटीवर आरबी २६ हे सर्वोत्तम उत्तर आहे असे म्हणवत नाही. निसाननेच १९८१ साली २८० झेडएक्स टर्बोमध्ये एल २८ ईटी हे २,७५३ घन सेंटिमीटरचे, १८० अश्वशक्तीचे टर्बोयुक्त षट्‌सिलिंडर इंजिन घातले होते. ते एल २४ च्याच कुळातील असल्याने आधार आणि गिअरपेटीची जोडणी जुळते, धुराडे डावीकडेच राहते आणि शरीराला करवत लावावी लागत नाही. कमाल टॉर्क सुमारे २७५ न्यूटन-मीटर असून तो २,८०० फेऱ्यांनाच मिळतो. वर मांडलेले गणित ३.७ च्याच डिफरन्शियलवर, त्याच गिअरपेटीच्या गुणोत्तरांनी पुन्हा केल्यास दुसऱ्या गिअरमध्ये प्रणोदक बल सुमारे ६,५०० न्यूटन येते, म्हणजे साध्या टायरच्या मर्यादेच्या अगदी काठावर. मूळ एल २४ तेल लावून, झाकून गोदामाच्या कोपऱ्यात ठेवता येते. आणि गाडी विकताना ते तिच्याबरोबरच द्यावे.