एसीचे काम येते म्हणजे नेमके काय येते?

भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, कुठल्याही मोहल्ल्यात जा, एसीचे काम शिकणारी चार-पाच पोरे सापडतातच. दोन उन्हाळे उस्तादासोबत शिडी धरली की पोरगा 'मेकॅनिक' होतो आणि घरचे सौदी-दुबईची चौकशी सुरू करतात. ट्रेड टेस्टला मात्र अनेकांची गाडी अडते आणि हातात येतो तो हेल्परचा व्हिसा. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

घरचा स्प्लिट एक-दीड टनाचा. मॉल-हॉस्पिटलचे काम शेकडो टनांचे. तिथे चिलर पाणी थंड करतो, ते पाइपातून मजल्यामजल्यावरच्या एएचयूत जाते आणि थंड झालेली हवा डक्टमधून पसरते. आणि हो, टनाचा मशीनच्या वजनाशी संबंध नाही. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद.

सगळ्यात मोठी गल्लत गॅसची. 'गॅस संपला, भरून देतो' असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. अहो, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही! बंद नळीत तोच गॅस फिरत असतो. कमी झाला म्हणजे लिकेज आहे. ते शोधायचे, ब्रेझिंग करायचे, नायट्रोजनने प्रेशर टेस्ट घ्यायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची, मग काट्यावर मोजून गॅस भरायचा. नुसते हात लावून 'थंड झालंय' म्हणणे मोठ्या साइटवर चालत नाही.

नायट्रोजन नाही म्हणून ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणारे महाभागही आहेत. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाला भिडला तर स्फोट होऊ शकतो, माणूस जातो. हे उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगायला हवे. हल्लीच्या एसीतला आर-३२ गॅसही पेट घेऊ शकतो. आर-२२ वर हात बसलेल्यांनी हे विसरू नये.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन-एसीचा कोर्स दोन वर्षांचा आहे, त्याला दहावी पास लागते. दहावीचा आणखी एक फायदा म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर होतो. दहावी नसेल तर आखाती देशात नोकरीला जाण्याआधी इमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो.

एजंटाचे नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच फी घेता येते. लाख-दीड लाख मागणाऱ्याला आधी पावती मागून बघा, बोलणं लगेच बदलतं.

तिथे पोहोचल्यावरचेही ऐका. चिलर बहुतेक छतावर असतात. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन, तर सौदीत बारा ते तीन, उघड्या उन्हात काम घ्यायला बंदी आहे. काही तातडीच्या कामांना सूट असते, रोजच्या सर्व्हिसिंगला नाही. फोरमन चढ म्हणाला तरी ही वेळ लक्षात ठेवा.