ऐकू न येणारा आवाज

पावसाळा लागला, की उंदीर, घुशी आणि झुरळे माणसाच्या घराचा आसरा शोधू लागतात. गूळ, धान्य आणि भुईमुगाच्या शेंगा यांचा मोठा व्यापार चालणाऱ्या कोल्हापुरात तर त्यांना खाण्याची वाण नसते. पण प्रश्न केवळ नासाडीचा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे ती राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानातही आली. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराचे पाणी घरांत शिरले. अशा पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असले, तर त्यापासून लेप्टोस्पायरोसिस हा घातक ताप येऊ शकतो.

म्हणून कोणी विजेच्या प्लगमध्ये बसवावयाचे चिमुकले यंत्र विकत आणतो. त्याचा दिवा लुकलुकतो. आवाज मात्र ऐकू येत नाही. तो सूक्ष्म ध्वनी उपद्रवी प्राण्यांना पळवून लावतो, असे वेष्टनावर लिहिलेले असते.

ही कल्पना अगदीच खुळी नव्हे. ध्वनी म्हणजे हवेतील कंप. सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंत कंप माणसाच्या कानाला कळतात. त्यापलीकडील ध्वनीस श्रवणातीत ध्वनी म्हणतात. उंदरांना तो चांगला ऐकू येतो. ते एकमेकांना भयाची सूचना देतात तीही अशाच ध्वनीने. वटवाघळे त्याच्या साहाय्याने अंधारात भक्ष्य शोधतात, आणि काही पतंग तो ऐकताच गिरकी घेऊन निसटतात. (मांजरालाही तो ऐकू येतो. यंत्र आणताना त्या बिचाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही!)

मग अडचण कोठे येते? हा ध्वनी भिंत किंवा कपाट यांच्या पलीकडे जवळजवळ जात नाही. पडदे व गाद्या तो शोषून घेतात. कणगीमागे दडलेल्या उंदरापर्यंत तो पोहोचतच नाही. पोहोचला, तरी उंदीर प्रथम दचकतो. पण ध्वनीमागून कोणतेही संकट येत नाही असे दिसले, की थोड्याच दिवसांत तो निर्धास्तपणे धान्याकडे वळतो. डासांची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. डास पळविणाऱ्या ध्वनियंत्रांच्या दहा प्रयोगांचा आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील एकाही प्रयोगात डासांचे चावे कमी झाल्याचे आढळले नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना ताकीद दिली, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

यंत्रापेक्षा सिमेंटचा एक गोळा अधिक उपयोगी पडतो. लहान उंदीर बोटभर रुंदीच्या भोकातूनही आत येतो. म्हणून मोरीचे तोंड जाळीने बंद करावे, भिंतीतील भोके बुजवावी, आणि धान्य व गूळ पत्र्याच्या डब्यांत झाकून ठेवावा. सापळा लावावयाचा तर तो खोलीच्या मधोमध ठेवून फारसा लाभ होत नाही. उंदीर मिशांनी भिंतीचा अंदाज घेत तिच्या कडेने पळतो. तेव्हा सापळाही भिंतीलगतच ठेवावा लागतो.