मल्लखांब चालेल, कबड्डी नको: साथीच्या काळात खेळावं की नाही?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलले तसाच आहे, फक्त मधले 'ॲक्च्युली' कमी केलेत.

आजचा प्रश्न एकदम सरळ: उद्या पुन्हा एखादी साथ आली, तर शाळा-कॉलेजच्या मुलामुलींनी खेळावं का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, "जीव राहिला तर खेळ." दुसरी म्हणते, "तरुण पोरांना काय होतंय?"

मी कबड्डीवाली. आधी माझी चूक सांगते, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

फेब्रुवारी २०२१. कुमारी गटातलं माझं शेवटचं वर्ष. निवड चाचणी जवळ आली होती. सकाळी घसा खवखवत होता, अंग कसकसत होतं. आईला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच. क्रोसिन घेतली आणि सरावाला गेले. आठवडाभरात आमच्या संघातल्या चौघी पॉझिटिव्ह आल्या, आणि घरी माझी आजी. आठ दिवस ती ऑक्सिजनवर होती. कोणाला कोणाकडून लागण झाली हे छातीठोक कोणीच सांगू शकत नाही. आजी वाचली. पण अजूनही जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते, आणि मी मागे उभी राहून मोबाईल बघत असल्याचं नाटक करते.

असो. आता मुद्द्यावर येऊ.

'खेळ सुरक्षित आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणता खेळ? २०२० मध्ये 'मिशन बिगिन अगेन' चालू होतं, आठवतंय? जूनमध्ये राज्य सरकारने मैदानावर एकट्याने धावायला, चालायला, सायकल चालवायला परवानगी दिली. ५ ऑगस्टपासून टेनिस, उघड्यावरचं बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांबाला हो म्हटलं. सांघिक खेळांना मात्र नाही. तेव्हा आम्ही जाम चिडलो होतो. "मल्लखांब चालतो, मग आमच्या कबड्डीने काय घोडं मारलंय?"

घोडं मारलं होतं, खरंच. कोविडचा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, ओरडताना, धापा टाकताना तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. त्यातले अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात. आता आमची चढाई डोळ्यांसमोर आणा. ३० सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या सात जणींच्या तोंडावर श्वास सोडायचा. मग पकड झाली की चार-पाच जणी एकमेकींच्या अंगावर. उलट मल्लखांबावर एका वेळी एकच जण, आणि सभोवती मोकळी हवा. खेळ दोन्ही आपल्याच मातीतले, पण धोका अगदी वेगळा.

म्हणून पहिला प्रश्न: किती जवळ, किती वेळ? दुसरा: उघड्यावर की बंद हॉलमध्ये? उघड्यावर वारा कण उडवून नेतो, बंद हॉलमध्ये ते साचत जातात. तिसरा: गावात साथ वाढतेय की उतरतेय? चौथा: घरी कोण आहे? म्हातारं माणूस, मधुमेही, दमेकरी?

आणि गंमत बघा, बऱ्याचदा धोका मैदानावर नसतोच. तो असतो त्याच्या आजूबाजूला. एका टेम्पोत कोंबून मॅचला जाणं, एकच बाटली सगळ्यांच्या तोंडाला लावणं, कपडे बदलायच्या खोलीतल्या गप्पा. मैदानावर दोन तास काळजी घ्यायची आणि परतीच्या टेम्पोत गळ्यात गळे घालून गाणी म्हणायची, मग काय उपयोग?

"मग बायो-बबल करा ना!" असं कोणीतरी म्हणणारच. केलं होतं. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरूत, एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना सुरू झाला. तरीही जानेवारीत दोन संघांत रुग्ण निघाले आणि वेळापत्रक बदलावं लागलं. त्याच महिन्यात वेस्ट इंडीजमध्ये १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक चालू होता. आयर्लंडविरुद्धच्या सामन्याआधी कर्णधार यश धुलसह आपले अनेक खेळाडू बाजूला ठेवावे लागले. खेळायला जेमतेम अकरा जण उरले. पुढे धुल परतला, उपांत्य सामन्यात त्याने शतक ठोकलं आणि ५ फेब्रुवारी २०२२ ला आपण कप जिंकलो.

या गोष्टीतून काय घ्यायचं? 'बघा, काही होत नाही' असं नाही. त्या पोरांची नियमित टेस्ट होत होती, त्यांना वेगळं ठेवायला खोल्या होत्या, बदली खेळाडू पाठवणारं बोर्ड होतं. आपल्याकडे दीड खोलीचं घर आणि त्यात आजी.

अजून एक गोष्ट, तरुणांसाठी. काही विषाणूंमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. प्रमाण कमी आहे, पण त्या अवस्थेत जोरात खेळलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून ताप असताना खेळायचं नाही म्हणजे नाही. बरं झाल्यावरही हळूहळू सुरुवात करायची. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

पण सगळं बंद ठेवणंही फुकट पडत नाही हां. आमच्या संघातल्या दोघींची मैदान बंद असतानाच लग्नं ठरली. त्या परत आल्याच नाहीत. घराबाहेर पडायचं कारण म्हणजे सराव होता, तोच गेला. बाकीच्यांची झोप बिघडली, वजनं वाढली, चिडचिड वाढली. ही किंमत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

मग माझं मत काय? खेळ पूर्ण बंद करू नका, खेळाचं रूप बदला. साथ चढत असेल तेव्हा पकडी बंद, पण धावणं, दोरीवरच्या उड्या, एकटीने पायांच्या हालचालींचा सराव चालू. छोटे गट, उघडं मैदान, ज्याची त्याची बाटली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाचवा प्रश्न: 'मला बरं वाटत नाही' असं म्हणणाऱ्या खेळाडूची जागा संघात शाबूत राहते का? मला नियम माहीत नव्हते असं नाही. सगळे पाठ होते. मी गप्प बसले, कारण एक दिवस चुकला तर वर्ष जाईल अशी भीती होती. जिथे खरं बोललं की जागा जाते, तिथे सॅनिटायझरच्या कितीही बाटल्या ठेवा, पोरं क्रोसिन घेऊन येणारच.

तेव्हा तुम्ही कॅप्टन असाल, सर असाल, ताई असाल, तर एवढं आधीच सांगून ठेवा: "आजारी असशील तर घरी थांब, तुझी चाचणी नंतर घेऊ." साथ येण्याआधीच सांगा. आल्यावर उशीर होतो.

तुमच्या संघात हे असं बोलता येतं का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. चला, भेटू!