अंगणातले अभयारण्य

काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणातील कढीपत्ता अळ्यांनी पार कुरतडून टाकला, म्हणून मी त्यावर कीटकनाशक फवारले. शेजारच्या उंबराच्या रोपावर पाने शिवून केलेल्या घरट्यात त्या वेळी शिंपी पक्ष्याची जोडी पिलांना भरवीत होती. दोन दिवसांनी त्यांची ये-जा थांबली. घरट्यात पाहिले, तर पिले मेलेली होती. एका घटनेवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण पिलांचे अन्न मीच तर मारले नाही ना, हा प्रश्न मनातून गेला नाही.

पक्ष्यांसाठी काही करायचे म्हटले, की आपण दाणे टाकतो. परंतु दाणे खाणारी चिमणीही आपल्या लहान पिलांना मुख्यतः कीटक भरवते. का बरे? अंड्यातून बाहेर येताना चिमणीचे पिलू दोन-अडीच ग्रॅमचे असते. पंधरवड्यात ते वीस ग्रॅमच्या आसपास जाते. एवढ्या झपाट्याने वाढायला प्रथिने लागतात. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांसाठी कोळी आणि कीटक शोधतो, कारण मधात साखर भरपूर असली तरी प्रथिने नगण्य असतात. मऊ, पाणीदार आणि प्रथिनांनी भरलेली अळी हे तर पिलांचे उत्तम अन्न.

आता अळ्या येतात कुठून? बहुतेक फुलपाखरे आणि पतंग ठराविक वनस्पतींवरच अंडी घालतात. पानांमधील रसायने पचविण्याची क्षमता त्यांच्या अळ्यांनी दीर्घ उत्क्रांतीतून मिळविलेली असते. कढीपत्ता व लिंबावर मॉर्मन फुलपाखरे वाढतात, बहाव्यावर पिवळसर एमिग्रंट, तर पानफुटीवर रेड पिएरो. परदेशी शोभेच्या झाडांची पाने आपल्याकडील बऱ्याच अळ्यांना खाता येत नाहीत. अशी बाग हिरवीगार दिसते, पण पक्ष्यांच्या दृष्टीने ती रिकामी थाळीच!

अमेरिकेतील वॉशिंग्टन परिसरातल्या घरगुती बागांमध्ये चिकाडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, बागेतील वनस्पतिभारात स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल, तर तेथे या पक्ष्यांची संख्या टिकत नाही. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. त्यामागचे तत्त्व मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

तेव्हा अंगणात किंवा शाळेच्या आवारात स्थानिक झाडे लावावीत, पालापाचोळा एका कोपऱ्यात राहू द्यावा आणि फवारणी टाळावी. उथळ भांड्यात पाणी ठेवून ते एक दिवसाआड बदलावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. घरटे आढळल्यास त्याला हात न लावता, दुरून, रोज ठराविक वेळी पंधरा मिनिटे पाहावे. पालक पक्षी किती वेळा आले, चोचीत काय होते, कोणत्या झाडावरून आणले, याची नोंद करावी. आठवडाभराच्या नोंदींतून बागेतले कोणते झाड खरोखर पिलांना पोसते, ते मुलांनाच उमगेल.

आमचा कढीपत्ता आजही कुरतडलेलाच असतो. आमटीपुरती पाने मिळतात, उरलेली अळ्यांची.