समुद्रतळाखाली कार्बन वायूची साठवण

सिमेंटसाठी चुनखडी भाजली असता तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. इंधन बदलूनही तो टळत नाही. असा वायू धुराड्यापाशीच वेगळा करून भूगर्भात साठविणे, हा एक उपाय होय. नॉर्वेने १९९६ मध्ये उत्तर समुद्रातील स्लाइपनर वायुक्षेत्रात अशा साठवणीस प्रारंभ केला.

परंतु ज्या देशांजवळ योग्य खडक नाहीत, त्यांनी काय करावे? लंडन प्रोटोकॉलनुसार समुद्रात विल्हेवाट लावण्यासाठी टाकाऊ पदार्थ परदेशी पाठविण्यास मनाई होती. या वायूपुरती दुरुस्ती २००९ मध्ये संमत झाली. तथापि पुरेशा राष्ट्रांची मान्यता न मिळाल्याने ती अंमलात आली नाही. अखेर २०१९ मध्ये इच्छुक देशांना ती तात्पुरती लागू करण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये नॉर्वेने डेन्मार्क, नेदरलँड्स आदी शेजाऱ्यांशी करार केले.

ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेतीलच ब्रेविक येथील सिमेंट कारखान्याचा वायू जहाजाने आणून समुद्रतळाखाली सुमारे २,६०० मीटर खोल सोडण्यात आला. या केंद्राची प्रारंभीची क्षमता वर्षाला १५ लाख टन आहे. जगाचे वार्षिक उत्सर्जन मात्र ३,५०० कोटी टनांहून अधिक आहे. तेव्हा साठवण हा उत्सर्जन घटविण्यास पर्याय नव्हे, केवळ पूरक उपाय आहे. तंत्र हाती असूनही कायद्याची वाट मोकळी होण्यास जवळजवळ दोन तपे लागली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.